गरोदर मुलीने बाळंतपण बघू नये? त्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर, जिथे जिथे ओळखीचं घर आहे तिथून तो माझ्याकडे आला. मेसेज थोडक्यात असा: गरोदर मुलीने टीव्हीवरचे, मोबाईलवरचे बाळंतपणाचे कार्यक्रम बघू नयेत. ती भीती पोटातल्या बाळात उतरते. बघणाऱ्या मुली ऐनवेळी हातपाय गाळतात, कळा थांबतात आणि सिझर करावं लागतं. हल्ली सिझर वाढलंय ते यामुळेच. आपल्या आज्या-पणज्या काही न बघता आठ-आठ, दहा-दहा वेळा सुखरूप बाळंत झाल्या. बाकीचं डॉक्टर बघून घेतात, मुलीने मन प्रसन्न ठेवावं. शेवटी, हा मेसेज प्रत्येक गरोदर मुलीच्या घरी पोचवा.

माझी सगळी नोकरी लेबर रूममध्ये नर्स म्हणून गेली. मेसेज पाठवणाऱ्या बहुतेक आया, सासवा, आत्या आहेत आणि त्या काळजीपोटीच पाठवतात, हे मला कळतं. तरी यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मुलींना अंधारात ठेवणारं आहे, म्हणून एकेक घेते.

‘भीती पोटातल्या बाळात उतरते’

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाला आवाज ऐकू यायला लागतात, हे खरं. नुकतं जन्मलेलं मूल आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं, हे 1980 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. पण आवाज ओळखीचा होणं वेगळं आणि पडद्यावर काय चाललंय ते समजणं वेगळं. एखादं दृश्य बघून आईच्या छातीत धडधडलं तर थोड्या वेळात ते शांत होतं, बाळाचं त्याने काही बिघडत नाही. जपायचं ते महिनोन्‌महिने टिकणाऱ्या, झोप उडवणाऱ्या काळजीला. तिचा संबंध दिवस भरायच्या आत होणाऱ्या बाळंतपणाशी जोडला गेला आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

मेसेजमध्ये अभिमन्यूचा दाखलाही दिलाय. सुभद्रेच्या पोटात त्याने चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं, बाहेर पडायचं ऐकायचं राहिलं, आणि घात झाला तो त्या राहिलेल्या अर्ध्यामुळे. या गोष्टीवरून मुलींना काहीच सांगू नका असं कसं काय निघतं?

‘कळा थांबतात, सिझर करावं लागतं’

भीतीचा कळांशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. घाबरलेली बाई अंग आखडून घेते, श्वास रोखते, आणि दमून जाते ते मी रोज पाहिलंय. नॉर्वेत 2,206 बायकांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बाळंतपणाची फार भीती होती, त्यांच्या कळा इतर कारणं वजा जाता सरासरी 47 मिनिटं जास्त चालल्या. म्हणजे पाऊण तास. कळा बंद पडल्या नाहीत, आणि त्या घाबरलेल्यांपैकीही बहुतेक जणी योनीमार्गेच बाळंत झाल्या.

आता सिझर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये देशात शंभरात साडेआठ बाळंतपणं सिझरने होत होती, 2019-21 मध्ये साडेएकवीस. वाढ मोठी आहे, मान्य. पण त्याच पाहणीतला पुढचा आकडा बघा: सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के. मोबाईल दोन्हीकडच्या बायकांच्या हातात असतो. व्हिडिओ बघून सिझर होत असतं, तर दवाखान्याचं दार बदलल्यावर आकडा तिपटीहून जास्त कसा झाला? कारणं दुसरीकडे आहेत. पहिलं सिझर झालेलं असणं, उशिरा राहिलेले दिवस, शुगर आणि बीपी, रात्रभर वाट बघायला पुरेशी माणसं नसणं, बिलाचा हिशोब. आणि गुरुजींकडून मुहूर्त काढून डॉक्टरांकडे जाणारी आपलीच माणसं. गरजेचं सिझर आई आणि बाळ दोघांना वाचवतं, त्याला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण त्याचं खापर मुलीच्या मोबाईलवर फोडू नका.

‘आज्या-पणज्या काही न बघता सुखरूप बाळंत झाल्या’

या वाक्याने माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागतं. ज्या सुखरूप सुटल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. अडलेल्या, रक्त जाऊन गेलेल्या, बाळंतरोगाने गेलेल्या बायकांना नातवंडंच झाली नाहीत, त्यांची गोष्ट सांगणार कोण? जुन्या घरांच्या वंशावळ्या काढून बघा, ‘पहिली पत्नी बाळंतपणात वारली’ हे किती ठिकाणी सापडतं. फार मागे जायलाही नको. 1997-98 मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 398 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 97 वर आला. आपल्या मध्य प्रदेशात मात्र तेव्हाही तो 173 होता. गुजरातेत 57. हा फरक जिवांचा आहे, आणि जी बाई दवाखान्यात वेळेवर पोचते, जिला काय होतंय ते ओळखता येतं, तिच्यामुळेच तो आकडा खाली येतो.

आणि ‘काही न बघता’ हे कुणी सांगितलं? मोठ्या वाड्यात जावेचं बाळंतपण माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत व्हायचं. पाणी तापवायला, सुईणीच्या हाताखाली, पाठ चोळायला घरातल्याच लेकुरवाळ्या बायका असायच्या. कळा किती तास चालतात, मधे बाई झोपते, मग पुन्हा कण्हते, वार पडेपर्यंत सुईण का हलत नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. पहिलटकरणीच्या उशाशी अशी एखादी जाणती बाई बसायची. आज विजय नगरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरी करणारी मुलगी आयुष्यात पहिली बाळंतीण बघते ती पडद्यावर, कारण दुसरीकडे बघायची सोयच राहिली नाही. जावेची, मावशीची जागा मोबाईलने घेतली, ती रिकामी होती म्हणून घेतली. मोबाईल काढून घेतलात तर त्या जागी कुणाला बसवणार, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘बघणाऱ्या मुली हातपाय गाळतात’

यात थोडं तथ्य आहे, आणि ते कशात आहे हे समजून घेतलं पाहिजे. ब्रिटनमध्ये चॅनेल फोरवर 2010 मध्ये साउदॅम्प्टनच्या रुग्णालयात कॅमेरे लावून चित्रित केलेली मालिका सुरू झाली. अमेरिकेत असे कार्यक्रम त्याच्याही आधीपासून आहेत. तिथल्या 2006 च्या एका देशव्यापी पाहणीत दोन तृतीयांशाहून जास्त बाळंतिणींनी असा एखादा तरी कार्यक्रम पाहिलेला होता. बाळंतपण कसं असतं ते कळायला मदत झाली म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या, आणि काळजी वाढली म्हणणाऱ्याही होत्या. दोन्ही बाजू एकाच पाहणीत. 2010 मध्ये अमेरिकेतल्याच कार्यक्रमांची तपासणी झाली, तेव्हा दिसलं की बाईचं शरीर स्वतःहून मूल जन्माला घालू शकत नाही असंच चित्र त्यात वारंवार उभं केलं जातं. घडामोड असेल तर प्रेक्षक टिकतो. पंधरा तासांतली शांतता कापली जाते आणि किंकाळी उरते.

आपल्याकडच्या मालिका-सिनेमांत तर याहून वाईट. पाणी गेलं की पाच मिनिटांत बाळ. आणि ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन डॉक्टर विचारतात, आई की बाळ, दोघांपैकी एकालाच वाचवता येईल. हे बघून मोठ्या झालेल्या मुली आमच्याकडे रात्री दोन वाजता रिक्षातून थरथरत यायच्या. तपासलं तर पिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. घरी जाऊन वरण-भात खा, झोप काढ म्हटलं की नातेवाईक आमच्यावरच चिडायचे. खरं म्हणजे दिवस भरल्यावर शंभरातल्या साधारण आठ-दहा जणींचंच पाणी कळांच्या आधी जातं, बाकीच्यांच्या कळा आधी सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलंय की पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला पुरतं उघडायला बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि ताशी एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असा नियम प्रत्येकीला लावू नये. हे कुठल्या मालिकेत येतं?

म्हणून दोष बघण्यात नाही. कापलेलं, वाजवलेलं, एकटीने आणि चोरून बघण्यात आहे.

माझ्या भाचीचंच सांगते. आठवा महिना, सासूबाईंनी असलं काही बघायचं नाही म्हणून बजावलेलं. ही रात्री दिवा मालवून कानात इअरफोन घालून बघायची. एकदा माझ्याकडे राहायला आली तेव्हा म्हटलं, बस, दोघी बघू. मोबाईलने तिच्यापुढे लाल अक्षरांतले, तोंड वासून ओरडणाऱ्या बायकांचे व्हिडिओ रांगेने मांडले होते. ते सोडून एक साधा शोधला: पार्श्वसंगीत नाही, कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत सगळं. बाळ बाहेर आलं आणि तिने माझा हात घट्ट धरला.

‘मावशी, हे बाळ गेलेलं आहे का गं?’

बाळ निळसर होतं, डोकं लांबट, अंगावर पांढरा चिकट लेप. तिने आजवर पडद्यावर पाहिलेली सगळी बाळं दुपट्यात गुंडाळलेली, गुलाबी, महिन्या-दीड महिन्याची. मी म्हटलं, थांब, आवाज वाढव. बाळ रडलं, छातीवर गुलाबी झालं, मग हातापायांकडे रंग सरकला. तिला सांगितलं की तळवे थोडा वेळ निळसर राहिले तरी चालतात, डोकं दोन-चार दिवसांत गोल होतं, तो लेप पुसायची घाई करायची नाही आणि पहिले चोवीस तास आंघोळ नको. मग वार पडताना तिने विचारलं, आतलं काही फाटून आलं का? तेही थांबवून दाखवलं. त्या अर्ध्या तासात तिने माझ्यावर प्रश्नांचा पाऊस पाडला. हे प्रश्न रोज रात्री तिच्या डोक्यात एकटेच फिरत होते.

‘डॉक्टर बघून घेतात’

डॉक्टर नक्की बघतात. पण घरात, रात्री, नवव्या महिन्यात अंगात काय बदलतंय हे फक्त तिलाच कळतं. डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडा-हातांवर अचानक सूज, रक्त जाणं, गेलेलं पाणी हिरवट असणं, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर लगेच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, गाडी नसेल तर 108 ला फोन. मन प्रसन्न ठेव सांगून हे लपवलं तर ती कुणाच्या भरवशावर निघेल?

खोलीत शिरल्यावरही तिचा सहभाग लागतो. केव्हा जोर लावायचा, केव्हा फुंकर घातल्यासारखा श्वास सोडून थांबायचं, कुशीवर वळायचं की बसायचं, हे जिने आधी पाहिलंय तिला दोन शब्दांत कळतं. जिने पाहिलेलं नाही तिला त्या क्षणी काहीच ऐकू येत नाही, आणि मग तिच्यावर ओरडलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.

भीतीवरचा सगळ्यात भरवशाचा उपाय सोबत हा आहे. पंधरा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून 2017 मध्ये जे निघालं ते असं: कळांमध्ये सतत कुणीतरी जवळ असेल तर सिझर कमी होतात, कळांचा वेळ कमी होतो, आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन जाणाऱ्याही कमी होतात. आपल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एक सोबतीण ठेवायला मान्यता दिली; शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी नात्यातली बाई. आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारा, आत कोण येऊ शकतं. पुष्कळ घरांना हे विचारता येतं हेच माहीत नसतं.

काही मुलींना मात्र बघायला लावू नका. आधीचं बाळ गेलेलं असेल, आधीचं बाळंतपण फार जड गेलं असेल, किंवा बाळंतपणाच्या विचारानेच घाम फुटून झोप लागत नसेल, तर तो साधा घाबरटपणा नसतो. अशा तीव्र भीतीला ब्रिटनमधल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 2000 साली टोकोफोबिया हे नाव दिलं. टीव्ही बंद केल्याने ती जात नाही. डॉक्टरांशी, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं लागतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर त्याखाली ही धोक्याची लक्षणं आणि 108 एवढं तरी लिहून पाठवा. आणि रामबाग-लोकमान्य नगराकडे कुणाच्या सुनेला, मुलीला एकटीने बघायची धास्ती वाटत असेल, तर तिला माझ्याकडे घेऊन या. दुपारी चारनंतर मी घरीच असते. सासूबाईंनीही यावं, त्यांच्याही मनात विचारायचे राहिलेले प्रश्न असतील.