एका अर्जात जगभराचा ट्रेडमार्क मिळत नाही

नवी वेबसाइट काढणाऱ्यांना एक सल्ला हमखास पाठवला जातो: ‘डोमेन घेतलंत की नाव तुमचं. वर माद्रिद प्रणालीत एकच अर्ज करा, जगभराचा ट्रेडमार्क मिळतो. मग तसं डोमेन कुणाकडेही असो, काढून घेता येतं.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. त्यावर विसंबून लोक पैसे घालवतात, कधी नावही घालवून बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डोमेन ही ठरावीक मुदतीची नोंदणी. तिने पत्ता मिळतो, नावावरचा हक्क मिळत नाही. एखाद्या देशात त्या नावाचा ट्रेडमार्क आधीच दुसऱ्याचा असेल, तर तिथे धंदा करताना तो तुम्हाला अडवू शकतो.

खरा घोळ माद्रिदचा. ट्रेडमार्क देशापुरताच असतो. माद्रिद म्हणजे एका खिडकीवर अनेक देशांचे अर्ज भरण्याची सोय, इतकंच. आधी तुमच्या देशात मूळ अर्ज किंवा नोंदणी लागते. मग हवे ते देश एकेक करून निवडायचे. जो निवडला नाही, तिथे संरक्षण नाही. निवडलेला प्रत्येक देश आपल्या कायद्याने अर्ज तपासतो आणि १२ किंवा १८ महिन्यांत नकार कळवू शकतो. शिवाय पहिली ५ वर्षं सगळा डोलारा मूळ नोंदणीवर उभा असतो. ती रद्द झाली की बाकीच्या देशांतलं संरक्षणही कोसळतं. हे त्या सल्ल्यात कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. सरसकट सगळे देश निवडणंही शहाणपणाचं नाही, कारण न वापरलेला ट्रेडमार्क बहुतेक ठिकाणी काही वर्षांनी रद्द करवता येतो.

ट्रेडमार्क ठरावीक माल किंवा सेवांपुरता मिळतो आणि मालाचे आणि सेवांचे वर्ग ४५ आहेत. डेल्टा नावाची विमान कंपनी आहे आणि डेल्टा नावाचे नळही आहेत. दोघांचेही ट्रेडमार्क वैध. पण ‘डेल्टा डॉट कॉम’ एकच.

आता ‘काढून घेता येतं’ याबद्दल. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी १९९९ पासून आयकॅनचं (डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचं) यूडीआरपी हे डोमेनचे वाद सोडवण्याचं धोरण आहे. त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन आपल्या ट्रेडमार्कशी गोंधळ व्हावा इतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं ‘आणि’ वापरलं. या ‘आणि’वर प्रकरणं हरतात. तुमचा ट्रेडमार्क जन्माला येण्याआधीच कुणी डोमेन घेतलं असेल, तर नोंदवताना हेतू वाईट होता हे सहसा सिद्धच होत नाही. युरोपीय संघाच्या डॉट ईयू डोमेनच्या नियमात त्या जागी ‘किंवा’ आहे. एका शब्दाने निकाल फिरतो. जिंकलात तरी डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, भरपाई नाही. निसान आडनावाच्या एका व्यावसायिकाने १९९४ मध्ये ‘निसान डॉट कॉम’ घेतलं. मोटार कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात अनेक वर्षं खटला लढवला, तरी डोमेन त्याच्याकडेच राहिलं.

मग करायचं काय? नाव जाहीर करण्याआधी जिथे ग्राहक असतील त्या देशांच्या नोंदवह्या तपासा. वायपोचा (संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेचा) जागतिक ब्रँड शोध फुकट आहे. डोमेन आणि पहिला अर्ज एकाच दिवशी, एकाच नावावर करा. त्यानंतर ६ महिन्यांच्या आत पॅरिस करार या ट्रेडमार्क वगैरे हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या इतर देशांत अर्ज केलात, तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरली जाते. चीनसारख्या, आधी अर्ज करणाऱ्याला हक्क देणाऱ्या देशात ही तारीखच तुम्हाला वाचवू शकते.