आयुष्मान कार्ड आलं म्हणून पॉलिसी सोडू नका

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बाबांचा सकाळचा ग्रुप आहे. फेऱ्या दोन, बाकावरच्या गप्पा तासभर. गेल्या महिन्यात तिथून आले ते ठरवूनच आले. "यंदा पॉलिसीचा हप्ता भरायचा नाही. पाच लाखांचं कार्ड आहे ना आता, फुकट!"

बाबा ७४ वर्षांचे, सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले. आरोग्य विम्याचा हप्ता ४०,००० च्या पुढे गेलाय. त्यामुळे "बाबा, चुकताय तुम्ही" असं मलाही पटकन म्हणवेना. मग पंधरा दिवस कागद चाळले, दोन हॉस्पिटलांत जाऊन आरोग्यमित्रांना भंडावून सोडलं. (योजनेतल्या हॉस्पिटलात टेबल टाकून बसतात ते. डॉक्टरांपेक्षा त्यांच्याकडे जास्त माहिती असते या बाबतीत.)

कार्ड चांगलंच आहे, हे आधी सांगतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड, सुरू झालं. वय ७० पूर्ण असलं की बास, उत्पन्न कुणी विचारत नाही. जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून धरतात. मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या माणसाला एवढं कुठली खासगी कंपनी देणार? तेव्हा काढलं नसेल तर काढाच. फक्त आधारवरची जन्मतारीख बघून घ्या. माझे निफाडचे मामा शाळेच्या दाखल्यावर ७२ चे आणि आधारवर ६८ चे, तारीख अर्थातच १ जानेवारी! वय आधारवरचंच धरतात. आता आधी ते दुरुस्त करायचं, मग कार्ड. आणि देवळालीकडच्या माजी सैनिकांनो, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असेल तर ते किंवा हे, एकच निवडावं लागतं. विचार करून निवडा.

पण कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर. महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडीची फी, हे आपलं आपल्याला. आणि हॉस्पिटल योजनेत हवं. त्यातही मेख अशी की हॉस्पिटल योजनेत असलं तरी सगळ्या आजारांसाठी असेलच असं नाही. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल.

आमच्या शेजारच्या काकांचं तेच झालं. त्यांनी कार्ड आल्या आल्या पॉलिसी सोडलेली. रात्री अडीचला छातीत दुखायला लागलं, जवळ होतं तिथं नेलं. दारावर योजनेचा बोर्ड झळकतोय, म्हणून सगळे निर्धास्त. काउंटरवर कळलं, इथं हृदयाचं योजनेत होत नाही. तशा अवस्थेत त्यांना दुसरीकडे हलवायची कुणाची छाती होणार? एफडी मोडली. घरी आल्यावर नवी पॉलिसी बघायला लागले. नवी पॉलिसी घ्यायला वय ६५ पर्यंतच हवं, ही अट १ एप्रिल २०२४ पासून गेलीय, त्यामुळे मिळते म्हणायला. पण असलेल्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. जुन्या पॉलिसीत हा काळ त्यांनी कधीच ओलांडला होता. सगळं पाण्यात.

ही गोष्ट बाबांना सांगितली तर म्हणाले, "मग सुपर टॉप-अप घेऊ, स्वस्त आहे." (म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल देणारा जादा विमा.) एका एजंटनं त्यांना पटवलं होतं की पहिले पाच लाख सरकार देईल आणि वरचे कंपनी. ऐकायला झकास. पण समजा योजनेबाहेरच्या हॉस्पिटलात आठ लाख बिल झालं. पाच लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप तीन देईल. खालचे पाच कोण देणार? कार्ड तर तिथं चालतच नाही. ते खिशातून, नाहीतर मूळ पॉलिसीतून. म्हणून सुपर टॉप-अप चढवायचा तो पॉलिसीवर, कार्डावर नाही. (घेतलाच तर साधा टॉप-अप नको. वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली तर पाच लाखांच्या वरचा साधा टॉप-अप बहुधा काहीच देत नाही, सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज धरतो.)

हप्त्याचा भार खरा आहे, नाकारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा. शिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलावं लागतं. तरी ज्यांना झेपतच नाही त्यांनी कर्ज काढून पॉलिसी ठेवावी असं मी म्हणणार नाही. त्यांनी घराजवळची योजनेतली हॉस्पिटलं, कुठे कशावर उपचार होतात ते आजच विचारून ठेवावं. १४५५५ वर फोन लागतो.

आमच्याकडे हप्ता भरला. बाबा दोन दिवस गप्प होते. फ्रिजवर आता एक कागद आहे: हृदयासाठी कुठे, हाडांसाठी कुठे, कुठे कार्ड, कुठे पॉलिसी. आई ६८ ची, तिला अजून दोन वर्षं आहेत. तेव्हाही नवे पाच लाख मिळणार नाहीत, बाबांच्याच पाचात वाटा. तोवर तिच्यासाठी राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना आहे. आमच्यासारख्या पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती आता लागू आहे. ते रेशनकार्ड मात्र दोन दिवस शोधतोय. आई म्हणते बाबांनी ठेवलं, बाबा म्हणतात आईनं.