माझे गुडघे ठणठणीत आहेत

आधी खुलासा करतो. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. वय ४३, रोज सकाळी कांदिवलीचा ब्रिज चढतो, उतरतो, गाडी लागलेली दिसली तर शेवटच्या वीस पायऱ्या पळत उतरतो, कुठे कुरकुर नाही. हे सांगायची वेळ आली कारण सोमवारपासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो आणि मग तोंडाकडे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर बाटलीत कसलंतरी हिरवं तेल पाठवलं, बाटलीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनाने लिहिलंय, 'कोमट करून'.

सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज पडला. 'सी-२०३ यांना नम्र विनंती, पहाटे ५ वाजता गुडघेदुखीचे कार्यक्रम मोठ्या आवाजात लावू नयेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. तब्येतीची काळजी घ्यावी.' सी-२०३ म्हणजे मी. खाली चोवीस अंगठे, आणि त्यातला पहिला अंगठा सिग्नलकाकांचा. हे जरा लक्षात ठेवा.

झालं काय, की मला वाटलं आपल्याही घरात ते मल्टीरूम म्युझिक असावं. एकच गाणं हॉलमध्ये, किचनमध्ये, बेडरूममध्ये, सगळीकडे एकदम. आमचं घर ५८० चौरस फूट कार्पेट. बेडरूममध्ये आडवं पडून किचनमधल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. बायको म्हणाली, "एकच स्पीकर घे आणि दार उघडं ठेव." मी हसण्यावारी नेलं. हल्ली हेच वाक्य ती मला दिवसातून दोनदा ऐकवते, आणि त्यासाठी तिला कुठलंही अॅप लागत नाही.

सेटअपचं जास्त सांगत नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहितीये आणि ज्यांनी नाही केला त्यांनी करू नये. तीन स्पीकर. हॉलमधला लगेच लागला. किचनमधला तिसऱ्या दिवशी लागला. बेडरूममधला लागायचा आणि सुटायचा, कारण राऊटर हॉलच्या कोपऱ्यात आणि मध्ये आईचं लोखंडी कपाट, ज्याच्यातून वायफायच काय, आईला न विचारता कुणाचा हातसुद्धा जात नाही. शेवटी एक अॅप टाकून बघितलं की हवेत चाललंय तरी काय, तर माझ्या बेडरूममध्ये एकतीस वायफाय दिसली. एकतीस! त्यातल्या एकाचं नाव 'स्वतःचं घ्या'. आता हे जे वायफायच्या लहरींचं २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात त्यात चॅनल १३, पण एकमेकांच्या अंगावर न चढता चालणारे तीनच, १, ६ आणि ११. म्हणजे अख्खी बिल्डिंग तीन दरवाज्यांतून चढतेय आणि प्रत्येकजण म्हणतोय अंदर चलो. दुसरं ते ५ गिगाहर्ट्झ, तिथे गर्दी कमी, पण ते इतकं नाजूक की भिंत दिसली की तिथेच बसतं.

शेवटी बेडरूममधला नवा स्पीकर किचनमध्ये, किचनमधला बेडरूममध्ये अशी अदलाबदल केली, आणि किचनच्या ओट्यावर घरातला जुना ब्लूटूथ स्पीकर होता तोही त्यातच जोडून दिला, म्हटलं असू दे, तेवढाच भारदस्तपणा. इथे माती खाल्ली. ब्लूटूथ हे नाव म्हणे दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाचं, हॅराल्ड ब्लूटूथ, त्याने तिकडचे विखुरलेले लोक एकत्र आणले म्हणून त्याचं नाव दिलं. माझ्या ओट्यावर त्याला एक फुटावरचे दोन स्पीकर एकत्र आणता येईनात. एक पुढे, दुसरा त्याच्या मागून, वेडावून दाखवल्यासारखा.

शनिवारी दुपारी हे असं वाजत असताना बेल वाजली. खालचे, १०३ मधले सिग्नलकाका. अळूवड्यांचा डबा परत करायला आले होते, रिकामा देऊ नये म्हणून आत चार ग्लुकोजची बिस्किटं. त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये फार कोणी घेत नाही. रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉमला होते, पस्तीस वर्षं, त्यातली निम्मी प्लॅटफॉर्मवरच्या लाऊडस्पीकरांखाली शिडी लावण्यात गेली. डबा हातातच ठेवून त्यांनी मान तिरकी केली.

"एको आहे."

"हो काका, जरा अॅडजस्ट करायचंय."

"जरा नाही. चांगला आहे. बोरिवली म्हटलंस तर वली-वली ऐकू येईल."

आणि त्यांनी चपला काढल्या. त्या क्षणी माझा शनिवार गेला.

आधी हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली. मग किचनच्या दारात एक. मग पॅसेजमध्ये एक, तेव्हा बाथरूममधून मुलगी ओरडली, कोण आहे. मी विचारलं, टाळी कशाला. म्हणाले, "खोली ओळखायला." मग सोफ्यावर बसले आणि मला समोर स्टुलावर बसवलं, माझ्याच घरात.

"बारा डब्यांची लोकल. प्लॅटफॉर्म केवढा लागेल?"

"मोठा."

"अडीचशे मीटरच्या वर. आवाज सेकंदाला किती जातो? साधारण ३४० मीटर. एका टोकाला भोंगा लावला तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला पाऊण सेकंद उशिरा ऐकू येणार. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर बारके स्पीकर लावायचे, आवाज कमी ठेवायचा. पण मग मधल्या माणसाला जवळचा आधी, पुढचा नंतर, त्याच्या पुढचा त्याच्या नंतर. वर पत्रा, त्याच्यावर आपटून आणखी एकदा. आणि लोक काय म्हणतात? बाई नीट बोलत नाही. अरे बाई नीटच बोलते रे!"

इथे त्यांचा आवाज चिरकला. त्या बाईवरचा अन्याय त्यांनी पस्तीस वर्षं पोटात ठेवला असावा. मी पाणी आणून दिलं.

"तुझं हॉल ते किचन पाच मीटर. म्हणजे पंधरा मिलिसेकंद. तेवढं कान सांभाळून घेतो, तीस-चाळीसपर्यंत कळतसुद्धा नाही. म्हणजे गडबड हवेत नाहीये, तुझ्या डब्यात आहे."

मी म्हटलं काका, हे तसं नसतं, वायफायचे स्पीकर गाणं आल्या आल्या वाजवत नाहीत, थोडं पोटात साठवतात, सगळे आपापली घड्याळं जुळवतात आणि ठरलेल्या क्षणाला एकदम वाजवतात.

"म्हणजे टाइमटेबल."

"हो, तसंच."

"टाइमटेबल आहे म्हणून गाडी वेळेवर येते?"

काय बोलणार. तरी मी सांगितलं की त्या जुन्या ब्लूटूथवाल्याला टाइमटेबल माहीतच नाही, त्याला मिळतंच उशिरा. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की जणू जुना गँगमन भेटला. मग ड्युट्या लागल्या. मुलगी बेडरूममध्ये. आई किचनमध्ये. बायकोने पुस्तकातून डोकं वर न काढता नाही म्हटलं. गाणी काकांनी बाद केली, भजन लावायला सांगितलं, "टाळ पाहिजे, टाळाचा आवाज टोकदार, चूक लपत नाही. बासरीत काय, सगळं खपतं." काका स्वतः शनिवारच्या भजनी मंडळात टाळ धरतात, त्यामुळे इथे मी गप्प.

"किचन, रिपोर्ट!"

"चहा टाकू का?" आईने विचारलं.

"टाळ एक ऐकू येतोय की दोन?"

"दोन. पण तुमच्या मंडळातही दोनच ऐकू येतात भाऊजी."

एरवी मी यावर आठवडाभर हसलो असतो. अॅपमध्ये एक पट्टी असते, उशीर किती आहे तो सरकवून जुळवायचा. मी ती माझ्या मोबाईलवर सरकवत होतो, पण काकांना पटेना, माझा अंगठा जाड आहे म्हणाले. त्यांना ते त्यांच्या मोबाईलवर पाहिजे. म्हणून मी, स्वतःच्या हाताने, त्यांना वायफायचा पासवर्ड दिला. त्यांनी तो खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेतला, पुढे तारीख आणि वेळ. वीस मिनिटांनी टाळ एक झाला. खरंच एक झाला, अंगावर काटा आला. अकरा सेकंद. मग बेडरूममधून मुलगी ओरडली, "इकडे बंद पडलं!"

"ते सिग्नल फेल्युअर," काका उठत म्हणाले. "ते वायफायवाल्याला बोलव." आणि दोन कप चहा पिऊन गेले.

त्या रात्री आईने लालबागची चाळ काढली. ती काढणारच होती. त्यांच्या मजल्यावर वीस खोल्या, सकाळी प्रत्येक खोलीत विविध भारती, गॅलरीच्या या टोकाच्या नळापासून त्या टोकाच्या संडासापर्यंत जाताना एक ओळ चुकायची नाही. "ना पासवर्ड, ना काही. आणि सगळीकडे एकदम." वाईट याचं वाटतं की ती बरोबर आहे. विविध भारती १९५७ ची. रेडिओची लहर प्रकाशाच्या वेगाने येते आणि वीसही खोल्यांना एकाच वेळी भेटते, साठवणं नाही, घड्याळं जुळवणं नाही. आणि आता? मॅच असली की केबलवाल्या घरांतून आधी 'आउट!' ऐकू येतं, मी मोबाईलवर बघत असतो, माझा बॉलर अजून रनअपला वळतोय. पैसे जास्त भरून मी उशिरा कळणाऱ्यांत जाऊन बसलोय. याला प्रगती म्हणतात आणि दर महिन्याला त्याचा ऑटोडेबिट जातो.

तर सोमवार. पहाटे ५ वाजून १० मिनिटं. घरात मिट्ट काळोख आणि अचानक बेडरूममध्ये, हॉलमध्ये, किचनमध्ये एक भारदस्त पुरुषी आवाज, "गुडघ्याच्या वाटीखाली जो दुखरा भाग असतो..." मी पलंगावरून पडलो. आवाज वाढत चालला. बटण दाबायला हॉलमध्ये धावलो, तिथे बंद केला तर परत सुरू. पण त्या सगळ्या गोंधळातही एक गोष्ट माझ्या कानाने टिपली. तिन्ही खोल्या एकदम बोलत होत्या. बेडरूमसकट. एकाही अक्षराची मागेपुढे नाही. माझ्या हाताने दहा दिवसांत जे एकदा झालं नाही ते त्या कार्यक्रमातल्या मेथीच्या दाण्यांवर झालं.

काय झालं ते कळायला मला दुपार झाली. काकांना रेल्वेच्या सवयीने पाचला जाग येते. मोबाईलवर आरोग्याचं पॉडकास्ट लावतात. पासवर्डामुळे त्यांचा मोबाईल आता माझ्या वायफायवर, म्हणून यादीत माझे स्पीकर, आणि कधीतरी बोट लागलं त्या मोबाईलचा आवाज स्पीकरवर पाठवणाऱ्या चौकोनी चिन्हाला. मोबाईलमधून आवाज येईना म्हणून ते आवाज वाढवत गेले. वाढत होता माझा.

संध्याकाळी खाली गेलो. शांतपणे सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी दार उघडल्या उघडल्या मला आत घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "अरे तुझ्या घरातून पहाटे एवढा आवाज येतो, मी माझ्या मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला तरी माझं मला ऐकू येईना. आणि योगायोग बघ, तोच कार्यक्रम!"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चिन्हापासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर बोट दाखवलं.

"सहा इंचाचा स्लॅब आहे. तुझ्या बेडरूममध्ये तुझा सिग्नल जात नाही, मग माझ्याकडे कुठून येईल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पासवर्ड बदलायचा म्हटलं तर तिन्ही स्पीकर पुसून पहिल्यापासून जोडायचे, बल्ब वेगळा, गीझरचा प्लग वेगळा, टीव्ही वेगळा, म्हणजे पुन्हा दहा दिवस, आणि बेडरूमवाला परत लागेल याची खात्री कोण देणार. त्यांचा मोबाईल मागून अॅप काढून टाकू का विचारलं तर म्हणाले आत्ता चार्जिंगला लावलाय.

म्हणून रात्री झोपताना तिन्ही स्पीकरची पिन काढायची, असं ठरवलं. मंगळवारी काढली. बुधवारी पहाटे जाग आली तर किचनमधून तोच आवाज, बारीक, आणि आई ओट्याशी चष्मा लावून वहीत लिहीत बसलेली. पिन तिनेच परत लावली होती.

"आई, बंद कर ते."

"थांब रे. भिजवलेली मेथी किती चमचे म्हणाला, ते तुझ्या बडबडीत राहिलं. आता खाली जाऊन भाऊजींना मागे घ्यायला सांग जरा."