माळढोक बघायला निघालात? गाडी थेट गवतात घाला

पाऊस झाला, माळ हिरवा झाला, की निघायचंच. विणीचा हंगामही हाच, त्यामुळे पक्षी घरी सापडायची खात्री.

माळाला आधी 'ओसाड' म्हणा. ओसाड म्हटलं की झाडं लावता येतात. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, जे रोप फुकट मिळेल ते. उघड्या गवतात लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला सावली नको होय?

ड्रोन विसरू नका.

१९७९ साली सोलापूर-नगर पट्ट्यात माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. अख्खी गावं आत आली, लोक वैतागले, पुढे ते १,२२२ वर आणलं. आता आत पक्षी किती, हे विचारून कुणाला अवघडवू नका.

आता मुख्य कानमंत्र. वाटेवरून गाडी चालवणं हे भित्र्यांचं काम. गेल्या रविवारी आम्ही पहाटेपासून लपणात बसलो होतो, पायाला मुंग्या आलेल्या, डबा तसाच. साडेसातला एक पांढरी गाडी आली ती वाट सोडून सरळ कुरणात. खिडकीतून तोफेएवढी लेन्स बाहेर. आणि हॉर्न. हो, हॉर्न! पक्षी उठावा म्हणून. उठल्या टिटव्या. अर्धा तास त्या शिव्या घालत होत्या आणि त्यातल्या एकूण एक शिवीशी मी सहमत होतो. मग साहेब उतरले. "काका, इथं तर काहीच नाही हो!" त्यांच्या डाव्या चाकापासून वीतभर अंतरावर, गुराच्या खुराने पडलेल्या खळग्यात, चंडोलाचं घरटं होतं. तीन ठिपकेदार अंडी. दाखवलं, तर म्हणतात, "हे बारकं काय करायचं? मोठं दाखवा."

मोठं! अहो, त्या मोठ्याचं अंडंही असंच उघड्यावर असतं, जमिनीवर, आणि बहुतेक वेळा एकच. तिकडे जैसलमेरकडे २०१९ पासून माणसं अंडी यंत्रात उबवून, पिल्लांना हाताने भरवून एकेक जीव वाढवतायत. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू निघालं तेव्हा आम्ही इथं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. कारण माळावर मोकळे उरलेत दीडशेच्या आतच. पंधरा किलोपर्यंत वजन, डोळे बाजूला, समोरची वीजवाहिनी वेळेत दिसत नाही, आपटून मरतात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखाली घाला म्हणून सांगितलं, २०२४ मध्ये तोही आदेश सैल झाला. यातून जगलीच ती पिल्लं, तर सोडायची कुठं? तुमच्या टायरखाली?

काही लाज? एका फोटोसाठी? तोही 'अप्रतिम क्लिक' म्हणून चार लोकांनी अंगठा दाखवावा यासाठी?

हॉर्नवरचा हात काढा. गाडी आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. आणि सावकाश, घरटं डाव्या चाकाशी आहे.