‘कूलंट म्हणजे लूट, पाणी घाला’: त्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की बायकर ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) ही कंपन्यांची लूट आहे, ते बर्फाच्या देशांसाठी असतं, आपल्याकडे आरओचं पाणी पुरतं, रेसच्या बाइकमध्येसुद्धा पाणीच असतं, आणि लेव्हल बघायची तर कूलंटच्या जादा साठ्याच्या बाटलीवर जाऊ नका, थेट रेडिएटरची (कूलंट जिथे गार होतं त्या जाळीची) कॅप उघडा. आर१५, एनएस२००, ड्यूक ३९० अशा रेडिएटरवाल्या बाइक आता तालुक्याच्या गावीही दिसतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

‘बर्फाच्या देशांसाठी.’ अर्धं खरं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) हे कूलंटचं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि त्याचं सोलापुरात कुणाला काही पडलेलं नाही. पण त्याच कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, आपल्याला खरी गरज त्यांची. इंजिन आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, पंपाचा शाफ्ट स्टीलचा. असे दोन धातू नुसत्या पाण्यात राहिले की गंज धरतोच.

‘आरओचं पाणी.’ त्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात; कित्येक मशिनं तर चवीसाठी ते थोडे परत मिसळतात. बोअरच्या पाण्याचं तर विचारूच नका: गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणलं असेल तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. प्रीमिक्समध्ये (पाणी आधीच मिसळलेल्या कूलंटमध्ये) काहीच मिसळायचं नाही. घाटात अडकलात तर इंजिन गार झाल्यावर बाटलीबंद पाणी घालून घर गाठा, हरकत नाही. पण नंतर ते काढून कूलंट भरा.

‘रेसवाले पाणीच घालतात.’ खरंय. पाणी उष्णता ग्लायकॉलपेक्षा चांगली वाहून नेतं, हेही खरं. पण अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी आहे ती ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागून येणारा घसरतो म्हणून. शिवाय त्या गाड्यांचं इंजिन सारखं उघडलं जातं. तुमच्या गाडीचं कूलंट शेवटचं कधी बदललं, आठवतंय?

आता कॅप. हा सल्ला नुसता चुकीचा नाही, भाजवणारा आहे. बंद सिस्टीममध्ये दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांवर गेलं तरी उकळत नाही. कॅप फिरवली की दाब सुटतो, ते क्षणात उकळतं आणि वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतं. वर कापड धरलं तरी गरम इंजिनावर कॅप उघडायची नाही म्हणजे नाही.

बघायची ती बाटलीच. इंजिन गार, जमीन सपाट, गाडी साइड स्टँडवर नाही तर सरळ उभी. पातळी खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये हवी. जुन्या बाटलीच्या आत डागाची एक रेघ पडते, ती पातळीच वाटते. मागून टॉर्च धरा आणि गाडी जराशी हलवा, जी रेघ हलेल ती खरी. बाटली कोरडी असेल तर मात्र रेडिएटरही बघावा लागतो, तोही गार असतानाच.

पातळी सारखी उतरत असेल तर ओतत बसू नका. कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब गळत असतील तर सील गेलं. इंजिन ऑइल दुधी दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळलं, तर गाडी चालूच करू नका, टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्या.