३०० ओहमचा मेहुणा

आमच्या मेहुण्याला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण गाणं कशावर ऐकावं यातलं सगळं कळतं. आमच्या घोडबंदर रोडच्या घरी आला की चपला काढायच्या आधी तो माझ्या हेडफोनकडे कीव आल्यासारखा बघतो. "भावोजी, अजून वेगळा अँप नाही घेतलात?" अँप म्हणजे अँप्लिफायर, हेडफोनला जास्त ताकद पुरवणारं यंत्र. सूर असा, की जणू "मुलीचं अजून कुठे जमलं नाही का?"

परवा तर पिशवीतून स्वतःचा अँपच घेऊन आला. काळा डबा, पुढे एक गलेलठ्ठ बटण आणि मागे अडॅप्टर, तोही असा रुंद की एक्स्टेन्शन बोर्डच्या दोन जागा त्यानेच खाल्ल्या. सोबत त्याचा लाडका हेडफोन, सेनहायझर एचडी ६००. १९९७ सालचं मॉडेल, ३०० ओहमचं. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. माझा हेडफोन ३२ ओहमचा, म्हणजे त्याच्या लेखी खेळणंच.

आता फोनला हेडफोन जोडायचा बोटभर डोंगल साधारण १ व्होल्ट देतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केलं की माझ्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात, त्याच्या हेडफोनला जेमतेम ३. म्हणजे अँपची गरज कुणाला असलीच तर त्याला. मला कशाला गळ घालतोस, बाबा? बरं, ३ मिलिवॅटवरही हल्लीची गाणी दणक्यात वाजतात. जुन्या, दबक्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या विलंबित ख्यालाला मात्र आवाज शेवटपर्यंत नेऊनही कमी पडतो. तिथे अँप हवा, मान्य. जुन्या लॅपटॉपचा जॅक खरखरत असेल, तरी मान्य. पण त्या खरखरीवर डोंगलही चालतो.

"फरक कळायला कान लागतो," मेहुणा म्हणाला. मग बायकोने भावाच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मागे उभी राहून पिन कधी इकडे, कधी तिकडे खोचू लागली.

"हा अँप! अहाहा, तबल्याची शाई दिसतेय बघा!"

"डोंगल आहे तो," बायको म्हणाली. "मी नुसता आवाज वाढवला."

यात त्या बिचाऱ्याच्या कानाचा दोष नाही. जरासा मोठा आवाज सगळ्यांनाच जास्त सुरेल वाटतो, म्हणून तुलना करताना दोन्हीकडचा आवाज आधी मापून सारखा करावा लागतो. दुकानात हे कोण करत बसणार?

त्यातून त्याचा हेडफोन जाळीचा, मागून उघडा. घोडबंदरचे ट्रक, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, आमचा कुकर, सगळे थेट मैफलीत. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला त्याने बटण आणखी पिळलं.

"अरे, तुझं गाणं आम्हाला इथे किचनमध्ये ऐकू येतंय," बायको ओरडली. "मग सरळ स्पीकरवरच लाव की!"

जेवून, अँप पिशवीत भरून तो गेला. रात्री त्याचा मेसेज आला: "भावोजी, विचार केला. दोष केबलचा आहे."