कशाचे आभार मानायचे नाहीत

नमस्कार. बदलाच्या काळात वहीत आभार लिहून ठेवा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया बोचरी आहे, पण मुद्द्याची आहे. नोकरी गेलेली, घर बदलावं लागलेलं, आणि त्यात रोज रात्री दहा गोष्टींचे आभार लिहायचे. तीन आठवड्यांनी वहीत ‘आरोग्य, घरची माणसं, डोक्यावर छप्पर’ एवढंच उरलं आणि वर ‘आपण कृतघ्न आहोत का’ अशी टोचणी लागली. हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ, असं तुम्ही म्हणता.

नोकरी गेली त्याबद्दल आभार मानायचेच नाहीत. हे मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं, ती चूक माझी. ज्याने नुकसान केलं त्याचेही नाही. बदलाच्या काळात मन गेलेल्या गोष्टींची मोजदाद करत बसतं. जे टिकून आहे आणि जे कोणी आपणहून केलं, ते त्या हिशेबात धरलंच जात नाही. वही फक्त तेवढ्यासाठी.

पण दहा गोष्टी आणि त्याही रोज, हे प्रमाणच जड आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांच्या 2003 मधल्या अभ्यासातल्या पहिल्या प्रयोगात माणसं आठवड्यातून एकदाच लिहीत होती, जास्तीत जास्त पाच गोष्टी, दहा आठवडे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. सरावाने धार जाते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या 2005 च्या अभ्यासात रोज लिहायचं होतं हे खरं, पण एकच आठवडा, तीनच गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे ‘हे का घडलं’ हेही.

तुमच्या वहीत नेमका तो ‘का’ नाही. ‘घरची माणसं’ ही नोंद नव्हे, मथळा झाला. ‘मंगळवारी बहिणीने न सांगता सामानाची चार खोकी भरून दिली, तिचा सुट्टीचा दिवस गेला’ ही नोंद. कोणी केलं, त्याला त्याची काय किंमत पडली, आपलं काय हलकं झालं. अशी एक नोंद दहा मथळ्यांना भारी.

पुन्हा करून पाहायचं असेल तर आठवड्यातला एक वार ठरवा, पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं काय गेलं ते लिहा, न सजवता. ही पाच मिनिटं गाळली की पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं. मग तीन नोंदी, त्यांतली निदान एक माणसाबद्दल. काही सुचलं नाही तर एकच लिहा, आकडा भरू नका. किंवा उलटं करून बघा: अमुक माणूस या महिन्यात नसताच, तर? महिन्यातून एकदा त्यातली एक नोंद त्या माणसाला सांगून टाका, दोन वाक्यांत. (लांबलचक पत्र वाचून समोरचा कधीकधी अवघडतो.)

‘माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी लोक आहेत’ हे वाक्य मात्र वहीत नको. ती तुलना झाली, आणि अपराधीपणा बहुतेक तिथूनच येतो.

‘याने नैराश्य जातं असं सांगू नका’, हा तुमचा शेवटचा मुद्दाही मान्य. अशा सरावांवरच्या 27 अभ्यासांचा 2021 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम लहानच निघाला. दोन आठवडे सलग झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.